सुटा तुकडा

झाकण रिकामं होतं. डबीचं पांढरं प्लॅस्टिकचं झाकण जेवणाच्या टेबलावर उलटं ठेवलं होतं तसंच होतं, फक्त कडेच्या जास्त जवळ आलं होतं, आणि टेबलाखाली ठकू बसली होती, तोंड मिटून. ठकूचं तोंड एरवी मिटलेलं नसे. दीड वर्षाचं ते तोंड सदा उघडं, गळकं, काहीतरी सांगू पाहणारं. आज ते एखाद्या पोक्त बाईसारखं घट्ट मिटलेलं होतं आणि डोळे आईवर लागले होते. मग ठकूनं आवंढा गिळला. गळ्याखालची ती एवढीशी वरखाली हालचाल तिला इतकी स्वच्छ दिसली, की पुढे कुणी विचारलं असतं तर तिनं ती कागदावर काढून दाखवली असती. मग ठकू खोकली. अशा वेळी काळजात धस्स होतं म्हणतात. तिला तसं काही झालं नाही. तिनं खाली वाकून पोरीला ओढलं, मांडीवर पालथं घातलं, पुस्तकात वाचलं होतं तशा दोन खांद्यांच्या मधोमध थापट्या दिल्या, आणि हात काम करत असताना डोक्यात कुणीतरी परक्यासारखं सांगत राहिलं: झाकणात दात होता. वरच्या जबड्यातला, डाव्या बाजूचा. करंगळीच्या नखाएवढा. टोक शाबूत.

ती फक्त दारापर्यंत गेली होती. खालच्या मजल्यावरची बाई आली होती, तुमच्या न्हाणीघरातून आमच्या भिंतीला ओल येते म्हणून सांगायला, आणि ती "हो हो, बघते" म्हणत उभी राहिली होती, एक पाय आत, एक बाहेर. ओल किती खाली उतरली आहे हे त्या बाईनं हातानं दाखवलं होतं. कमरेपर्यंत. तेवढ्यात हे. आवाज ऐकून सासूबाई आतल्या खोलीतून आल्या. "काय गिळलं?" "दात." "दात? कुणाचा?" असं म्हणता म्हणता सासूबाईंचा हात आपसूक स्वतःच्या तोंडाकडे गेला, कवळी जागेवर आहे ना बघायला. पुढे पुष्कळ दिवसांनी या गोष्टीवर घरात हसायचं होतं. त्या क्षणी कुणी हसलं नाही. "शार्कचा," ती म्हणाली. "आई, माझी पर्स द्या आणि चपला घाला."

टॅक्सीत ठकू खिडकीतून बाहेर बघत राहिली. मधूनच खोकायची, मग स्वतःच्या खोकल्याचं नवल वाटल्यासारखी गप्प व्हायची. ओठ निळे पडत नव्हते. श्वास चालू होता. ती ते बघत होती आणि आपण बघतो आहोत हेही बघत होती. सगळ्या घराला तिनं किती बंदोबस्त केला होता. विजेच्या भोकांना टोपणं, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर, चमचे उकळलेले, औषधं वरच्या फळीवर, द्राक्षाचे चार तुकडे करून भरवणं. नवरा म्हणायचा, तुझ्या हातात असतं तर तू हवासुद्धा गाळून दिली असतीस. आणि त्याच घरात, त्याच टेबलावर, तिनं एक समुद्र आणून ठेवला होता.

म्हणजे समुद्राचा गाळ. तो ज्या कड्यातला, तो कडा होता पाच-सहा तासांच्या अंतरावर, उन्हानं पांढऱ्या झालेल्या किनाऱ्यावर: खाली निळसर राखाडी चिकणमाती, तिच्यावर शिंपल्यांचा हातभर थर, त्याच्यावर पिवळा वाळूचा खडक, आणि सगळ्यांत वर तांबडी माती नि झाडांची लोंबणारी मुळं. दोन कोटी वर्षांपूर्वी तिथं उथळ, कोमट समुद्र होता. आता दुसरा समुद्र त्या पहिल्या समुद्राला खात होता, दर पावसाळ्यात थोडा थोडा, आणि जे तो खाईल ते गेलं, म्हणून तिचे कॉलेजातले जीवाश्मांचे सर खोदकामाचा हंगाम चुकवत नसत. तिनं लागोपाठ दोन हंगाम चुकवले होते. ठकू झाल्यावर तिला कड्याकडे जाता येईना, तेव्हा सरांनी कडा तिच्याकडे पाठवायला सुरुवात केली. किनाऱ्यावर धुऊन, चाळून, वाळवून पिशव्यांत भरलेला गाळ. ठकू झोपली की ती तो ताटलीत पसरायची, भिंगाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक कण उचलायची, दात वेगळे, हाडं वेगळी, बाकी परत पिशवीत. हाड आणि दगड यांत फसायला होतं. त्याला एकच उपाय. तुकडा जिभेला लावायचा. दगड घसरतो, हाड चिकटतं. हाडाला बारीक बारीक भोकं असतात, ती जिभेचं पाणी ओढून घेतात. "दोन कोटी वर्षं झाली तरी तहान जात नाही," असं सर पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगायचे, आणि मुली ई करायच्या. तिनं पण केलं होतं. आता दोन्ही हात गुंतलेले असले तर ती तुकडा खुशाल खालच्या ओठाला चिकटवून ठेवायची, शिंप्यानं टाचणी दातांत धरावी तसा.

ठकू हे बघायची. एकदा उन्हं कलताना झोपेतून लवकर उठली आणि खुर्चीला धरून उभी राहिली, आईचं तोंड निरखत. गंमत म्हणून तिनं एक मोठा तुकडा धुऊन, स्वतःच्या बोटांत पक्का धरून, ठकूच्या जिभेच्या टोकाला टेकवला. तो चिकटला. ठकूनं डोळे नाकाशी आणून तो पाहिला आणि अशी हसली की आईलाच गुदगुल्या झाल्या. मग ते रोजचंच झालं. "बघू, हाड की दगड?" म्हटलं की ठकू जीभ काढायची. ही गोष्ट ती कुणाशी बोलली नव्हती. लपवली होती असंही नाही. दिवसभरात आई आणि लेकरू यांच्यात शंभर गोष्टी होतात, त्या कोण कुणाला सांगतं?

दवाखान्याच्या बोळात बाकं लोखंडी होती, जमिनीत रोवलेली. नवरा कामावरून थेट तिथं आला. तो पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत दुरुस्तीची बाजू सांभाळायचा आणि कुठलीही आपत्ती आली की आधी नळ कुठून कुठं जातो ते विचारायचा. "घशातून खाली दोन रस्ते असतात ना? एक पोटात, एक फुप्फुसात?" तो म्हणाला. "हो." "मग हा कुठल्या रस्त्यानं गेला?" "तेच बघायचंय." त्यानं ठकूला घेतलं. ठकूनं त्याच्या खिशातलं पेन ओढलं आणि सरळ तोंडात घातलं. "अगं ए बये," सासूबाई म्हणाल्या, "पोट भरलं नाही का अजून?"

क्ष-किरणाच्या खोलीत ठकूला धरून ठेवायचं काम नवऱ्यानं केलं. तिला बाहेर थांबवलं. मग एका पडद्यावर ठकू आली, हनुवटीपासून खाली, करड्या रंगाची, आतून. डॉक्टरबाई तिच्याच वयाच्या असतील, केस घाईत बांधलेले. त्यांनी पेन टेकवलं: "हा बघा." फासळ्यांच्या खाली, डाव्या अंगाला, एक लहानसा पांढराशुभ्र त्रिकोण. आणि तिनं पाहिलं. मोठ्या टोकाच्या दोन्ही बाजूंना, मुळाशी, दोन बारीक टोकं. गेले कित्येक आठवडे ती सरांशी याच्यावरून वाद घालत होती. सर म्हणत, या दाताला बाजूची टोकं नाहीत, म्हणजे हा तू म्हणतेस त्या जुन्या जातीचा नव्हे, म्हणजे तो चिकणमातीचा थर आपण समजतो तितका जुना नव्हे. ती म्हणे, टोकं असतील, वर माती घट्ट बसली आहे, दिसत नाहीत. पण खरवडायचा धीर होत नव्हता, तुटली तर काय घ्या. आता मातीच्या आरपार दिसत होती. दोन्ही. "आहेत," ती मोठ्यानं म्हणाली. "काय आहेत?" नवऱ्यानं विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, आणि मग तिला त्या त्रिकोणाच्या वरच्या फासळ्या दिसल्या, माशाच्या काट्यांसारख्या नाजूक, आणि एकावर एक रचलेले मणके, आणि हृदयाची धूसर सावली, आणि हे सगळं कुणाचं आहे ते कळलं. तेही असं कळलं, की आधी वस्तू ओळखली, मग तिची मालकीण. यात किती वेळ गेला असेल? पापणी लवण्याइतका. पण तेवढ्या वेळात तिला मूल नव्हतं, आणि ती सुखात होती.

"शार्कचा दात म्हणालात ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "घरात कसा काय?" नवऱ्यानं सांगितलं, की ही जुन्या खडकांतले प्राणी शोधते. "जुने म्हणजे?" "दोन कोटी वर्षं," ती म्हणाली. डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "मग जंतूंची चिंता नको. तेही मेले असतील." सासूबाई हसल्या, नवरा अर्धवट हसला. "हे बघा, पोटात उतरलाय. पोटात उतरलं की नव्वद टक्के काम झालं. येईल आपोआप बाहेर. लंगोट बघत राहायचे, पोट दुखलं, उलटी झाली तर लगेच यायचं." नवऱ्यानं श्वास सोडला, पंप बंद पडल्यावर पाइपमधून हवा सुटते तसा. सासूबाई ठकूचे मोजे चढवायला लागल्या. ठकू खोकली. "हा खोकला?" तिनं विचारलं. "घसा खरवडला असेल, धारदार वस्तू आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मग दाराकडे जाता जाता, सगळ्यांनाच विचारावं तसं विचारलं: "एकच होता ना?"

एकच होता का? नवरा तिच्याकडे बघत होता. सासूबाईंचा हात मोज्यावर थांबला. कड्याचा कुठलाही थर तिनं डोळे मिटून सांगितला असता, कुठं शिंपले पालथे आहेत, कुठं उताणे, कुठं खेकड्यांची बिळं वाळूनं भरली आहेत. पण आपल्याच टेबलावरचं एक वीतभर झाकण तिला दिसेना. दात होता, हे नक्की. आणखी काही होतं? शेवटच्या हंगामात, ठकू पोटात असताना, तिला ओहोटीच्या वेळी वाळूत एक मणका सापडला होता, अखंड, काळा, तळहाताएवढा. पोट सांभाळत ती सरांपर्यंत चालत गेली होती. सरांनी तो उलटासुलटा करून पाहिला, "फार सुंदर," म्हणाले, आणि लांब पाण्यात भिरकावून दिला. "कड्यातून सुटलेला तुकडा. कुठल्या थरातला, कुणास ठाऊक. ज्याला जागा नाही तो काही सांगू शकत नाही. नुसता शोभेचा." ती एका खडकाच्या आडोशाला जाऊन रडली होती, आणि पोटुशा बाईला कशावरूनही रडू येतं, असं स्वतःला समजावलं होतं. त्या दिवसापासून तिनं काहीही जागा न लिहिता ठेवलं नव्हतं. प्रत्येक दाताची कुपी, प्रत्येक कुपीला चिठ्ठी. फक्त झाकण मात्र सुटं. झाकणात जे असायचं ते अजून ठरायचं असायचं, हाड की दगड, इकडचं की तिकडचं. झाकणाची कुठं नोंद नव्हती.

घंटी वाजली तेव्हा तिचे हात गुंतले होते का? एका हातात कुंचला होता, तो तिनं पाण्यात बुडवून ठेवला, हे आठवतं. दुसऱ्या हातात भिंग. म्हणजे दोन्ही. दोन्ही हात गुंतलेले असले तर ओठावर काहीतरी असणार. दारात त्या बाईशी बोलताना ओठावर नव्हतं, असतं तर बाई बोलली असती, भिंत सोडून आधी तेच बोलली असती. म्हणजे उठताना काढून ठेवलं. आणि झाकण जेव्हा रिकामं दिसलं तेव्हा त्याच्यावर एक डाग होता, ओला, मसुराएवढा. पंखा चालू होता. पंख्याखाली असा डाग किती टिकेल? पण तो तिच्या थुंकीचा होता, की त्यात बोटं घालणाऱ्या ठकूच्या लाळेचा? ओल दोघींचीही सारखीच दिसते. कासवाच्या पाठीचा एक तुकडा सकाळपासून तिच्या हाताशी होता खरा. तो परत ताटलीत टाकला असेल. टाकला नसेल.

"अजून एक असू शकतं," ती म्हणाली.

"असू शकतं म्हणजे?" नवरा म्हणाला. "होतं की नव्हतं?"

"कासवाच्या पाठीचा तुकडा. मसुराएवढा. झाकणात ठेवला होता असं वाटतंय."

"वाटतंय!" त्यानं हे इतक्या हळू म्हटलं की ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "अगं, तू तिथंच बसलेली असतेस. दिवसभर भिंग लावून बसलेली असतेस."

डॉक्टरबाई परत पडद्यापाशी गेल्या. एवढासा तुकडा हृदयाच्या सावलीत लपू शकतो, म्हणाल्या, आणि हाड असलं तरी दिसेलच असं नाही, आत कसं बसलंय त्यावर आहे. मग ठकूची पाठ उघडी करून नळी लावली, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. ठकूला गार लागलं आणि तिनं रडायला सुरुवात केली. "उजवीकडे खाली हवा जरा कमी वाटतेय," त्या म्हणाल्या. "पण रडतेय, खात्रीनं नाही सांगता येत. दुर्बीण घालून बघता येईल. त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागेल."

"एवढ्याशा जिवाला?" सासूबाई म्हणाल्या.

"देतो आम्ही. धोका कमी असतो. नसतोच असं नाही."

"आणि आत काही निघालंच नाही तर?" नवऱ्यानं विचारलं.

"तर उगीच दिली असं होईल. आणि असलं आणि राहिलं, तर आज ना उद्या ताप, न्यूमोनिया. थांबूनही बघू शकतो आपण. तुम्ही ठरवा." हे म्हणताना डॉक्टरबाई तिच्याकडे बघत होत्या, दोघांकडे नाही, कारण झाकण तिचं होतं.

तिनं ठरवलं असं म्हणता येणार नाही. तिनं ठकूच्या पाठीकडे पाहिलं, जिथं नळीचा गोल ठसा उमटला होता आणि पुसट होत चालला होता. तो पूर्ण जाईपर्यंत काहीतरी बोललं पाहिजे, एवढंच तिला वाटलं. "घाला," ती म्हणाली. "दुर्बीण घाला." नवऱ्यानं तोंड फिरवलं. मग थोड्या वेळानं, कुणी न सांगता, त्यानं सहीसाठी पेन शोधलं; ते ठकूच्या मुठीत होतं, चावून चावून ओलं.

दार लागलं. ते दोन्ही बाजूंना झुलणारं दार होतं, त्यामुळे लागल्यावरही बराच वेळ लागत राहिलं. सासूबाई ठकूचा फ्रॉक घडी करत होत्या, उलगडत होत्या, परत घडी करत होत्या. नवरा भिंतीला टेकून उभा होता. "तू कधी कधी बघत असतेस आणि नसतेस," तो म्हणाला. भांडणाच्या सुरात नाही, एखादा बिघाड सापडल्यासारखा. ते बरोबर होतं. आत्तासुद्धा ती त्या दारामागे काय चाललं असेल याच्याऐवजी कड्याचा विचार करत होती. भरती चढायला लागली की खालचा निळा थर आधी बुडतो, मग शिंपले, आणि कड्याच्या पायाशी पाणी आत जाताना असा आवाज येतो, की कुणीतरी तोंडानं श्वास घेतंय. तिचा फोन वाजला. सर होते. टोकं आहेत, दोन्ही आहेत, हे एक वाक्य तिच्या तोंडाशी तयार होतं. तिनं फोन वाजू दिला, थांबू दिला, आणि मग तो बंद करून पर्सच्या तळाशी टाकला. जर आत काही निघालं नाही, तर? मग आपण केवळ एका डागासाठी पोरीला झोपवलं. आणि जर त्या झोपेतून... इथं तिचं डोकं थांबलं. एखाद्या थराखाली दुसरा थर असतोच असं नाही. कधी कधी नुसती पोकळी लागते आणि कुदळ हातातून सुटते. सासूबाईंनी तिच्या मांडीवर घडी केलेला फ्रॉक ठेवला.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलची वाटी होती. "होतं," त्या म्हणाल्या. नवरा बाकावर बसला, बसला म्हणजे खाली आला. "उजव्या बाजूला, खाली. कडेनं हवा जात होती, म्हणून नुसत्या खोकल्यावर भागलं. अख्खं निघालं. पोरगी ठीक आहे, उठतेय." वाटीतल्या कापसावर तो तुकडा होता, तपकिरी, रक्ताचा एक धागा लागलेला, आणि इतका क्षुल्लक, की चार माणसांनी वाकून तो बघावा याचंच हसू यावं. "घेऊन जाणार?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "नको," ती म्हणाली. तिला वाटलं होतं हे म्हणायला जड जाईल. गेलं नाही.

ठकूला वॉर्डात ठेवून घेतलं. खिडकीबाहेर गाड्या लावायची जागा होती, तिथं कुणीतरी सारखी तीच गाडी मागेपुढे करून बसवू पाहत होतं. ठकू तिच्या मांडीवर, अर्धी झोपेत, आवाज बसलेला. रडली की चिमणीच्या पिल्लासारखं चिरकायची आणि स्वतःच दचकायची. सासूबाईंनी तिची लाळ पुसता पुसता करंगळी तिच्या तोंडात सारली आणि मागच्या बाजूला फिरवली. "हे बघा, हिची दाढ येतेय. हिरडी टम्म फुगलीय. म्हणूनच दिसेल ते तोंडात घालतेय कार्टी." नवऱ्याचा चेहरा उजळला. "म्हणजे तसंही घातलंच असतं," तो म्हणाला, तिच्याकडे बघून, आणि त्यात माफी होती, किंवा माफीच्या जवळचं काहीतरी. "मग! सगळीच घालतात," सासूबाई त्याला म्हणाल्या. "तू तर माझी बटणं खाल्ली होतीस." मग त्यानं चहा आणतो म्हटलं आणि दरवाज्याशी जाऊन कुठल्या बाजूला जायचं ते बघत उभा राहिला.

सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "ते चाटायचं मात्र बंद कर आता."

तिनं मान वर केली. "तुम्ही बघितलंत?"

"रोज बघते."

"मग बोलला नाहीत?"

"मला वाटलं, शिकवतेयस काहीतरी." सासूबाईंनी रुमालाची ओली बाजू आत घातली. "तुम्ही शिकलेल्या. आणि बोलले असते, तर सासू टोकते झालं असतं. आणि खरं सांगू? पोर हसायची इतकी. आणि तू पण." त्या जरा थांबल्या. "लंगोट मात्र उद्यापासून मी बघणार. तू नको. तू बघशील तर दात बघशील."

ते वाक्य तिच्यात जसंच्या तसं उतरलं आणि तळाशी जाऊन बसलं, आणि तिला वाटलं, हे आता तिथंच राहील, याच्यावर पुढची वर्षं साचत जातील, तरी हे तिथंच असेल. वेदना म्हणावी तर ती नव्हती. कुणीतरी आपल्याला इतकं नीट पाहिलं होतं, आणि तरी मोजे चढवत होतं, फ्रॉक घडी करत होतं.

"तू पण बघ की," सासूबाई म्हणाल्या. "घाल बोट. घाबरतेस काय, तुझीच आहे."

तिनं हात धुऊन आणले. ठकूनं आपणहून तोंड उघडलं. आत ऊन ऊन होतं, आणि मऊ, आणि जीभ बोटाभोवती हलत होती. मागे, उजवीकडे, फुगलेल्या हिरडीखाली काहीतरी टणक लागलं. वर आलं नव्हतं, पण कड कळत होती. असं काही बोटाला लागलं की पुढे काय करायचं, हे तिच्या हाताला पाठ होतं. तिनं हात हलवला नाही. इथं करण्यासारखं काही नव्हतं. ते आपल्या वेळेनं येणार होतं, तिनं बघितलं तरी, न बघितलं तरी. मग ठकूनं डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिलं आणि सगळं बळ एकवटून चावली.

"आई गं!"

"चावली?" नवरा दारातून म्हणाला. "काढ, काढ बोट."

तिनं काढलं नाही.